जर्मनीने पँथर काढलाच नसता तर?

रणधुमाळी (धागाकर्ता)

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रणगाड्यांच्या जर-तरच्या गप्पा निघाल्या की त्या ठरलेल्या जागीच जाऊन अडकतात. माऊस वेळेत आला असता तर? ई-५० आणि ई-१०० कारखान्यातून बाहेर पडले असते तर? वर्ल्ड ऑफ टँक्स खेळत मोठ्या झालेल्या पोरांना ही नावं तोंडपाठ असतात. प्रत्यक्षात १८८ टनी माऊसचे दोनच नमुने झाले, रशियनांनी त्या दोघांचे भाग जुळवून एक केला आणि तो मॉस्कोजवळच्या कुबिंकाच्या संग्रहालयात ठेवला. ई-१०० चा तर नुसता सांगाडा ब्रिटिशांच्या हाती लागला. असल्या पांढऱ्या हत्तींनी युद्ध पालटलं असतं या भ्रमावर मला वेळ घालवायचा नाही.

माझा जर-तर उलट्या दिशेचा आहे. ऑक्टोबर १९४१ मध्ये रशियात म्त्सेन्स्कजवळ रशियन सेनानी कातुकोव्हच्या टी-३४ रणगाड्यांनी जर्मनांच्या चौथ्या पान्झर (रणगाडा) डिव्हिजनला झोडपून काढलं. जर्मन रणगाडा सेनापती गुडेरियनने वरपर्यंत बोंब मारली, नोव्हेंबरात तज्ज्ञांचं पथक आघाडीवर येऊन गेलं आणि त्यातून पँथरचं काम सुरू झालं. मे १९४२ मध्ये एमएएन कंपनीच्या आराखड्यावर शिक्का बसला. समजा, तो बसलाच नाही. त्याच सुमाराला आधीपासून बनत असलेल्या पान्झर ४ रणगाड्यावर ७५ मिमीची लांब नळीची तोफ बसू लागली होती आणि तिच्यापुढे टी-३४ टिकत नव्हता. मग पँथर रद्द, जड टायगर रद्द, सगळा जोर पान्झर ४ आणि स्टुग ३ वर.

स्टुग म्हणजे पान्झर ३ च्या सांगाड्यावर बसवलेली, फिरता बुरूज नसलेली बुटकी गाडी. दिसायला गरीब, पण किंमत ८२,५०० राइशमार्क (तेव्हाचं जर्मन चलन). टायगरला अडीच लाख पडत, म्हणजे एका टायगरच्या पैशात तीन स्टुग. आणि टायगर एवढे महाग करून बनले किती? पहिला प्रकार साडेतेराशेच्या आत, दुसरा पाचशेच्या आत. तिकडे १९४२ या एकाच वर्षात रशियाने १२ हजारांवर टी-३४ बाहेर काढले. त्या वर्षी पान्झर ४ जेमतेम हजार.

पँथरचं पदार्पण तर सर्वांना ठाऊक आहे. जुलै १९४३, रशियातली कुर्स्कची लढाई, २०० नवे कोरे पँथर. त्यातले दोन रेल्वेतून उतरून आघाडीकडे जातानाच इंजिनाला आग लागून खाक झाले. पाच दिवसांत चालू स्थितीत दहाएक उरले. एवढ्यासाठी दीड वर्ष घालवलं. बोला आता.

हॉबिंगवाला

असहमत. माझी सगळी नोकरी चिंचवडला गिअर कापण्याच्या शॉपमध्ये गेली, त्यामुळे बुरूज आणि तोफेपेक्षा माझी नजर आधी दात्यांवर जाते.

पँथर कल्पनेत ३० ते ३५ टनांचा होता. मग हिटलरने समोरचं चिलखत ८० मिमी करायला लावलं, वर आणखी एकेक गोष्ट चढत गेली आणि प्रत्यक्षात गाडी ४५ टनांवर पोचली. हे सगळं ओझं ओढण्याचं काम शेवटी फायनल ड्राइव्हवर येतं. गिअरबॉक्समधून येणारा फेरा कमी करून पट्टा ओढणाऱ्या दातेरी चाकाला देणारी ती पेटी. तिथे प्लॅनेटरी (मधल्या गिअरभोवती छोटे गिअर फिरणारी) रचना असती तर भार तीन-चार छोट्या गिअरांत वाटला गेला असता. पण प्लॅनेटरीच्या बाहेरच्या रिंगला दाते आतून असतात. आतले दाते हॉबिंग मशीनवर (बाहेरचे दाते कापायचं मशीन) निघत नाहीत, त्याला शेपर (पुढे-मागे सरकत दाते कापणारं मशीन) लागतो, आणि जर्मनीत नेमक्या अशा मशीनांची मारामार होती. म्हणून साधे सरळ दात्यांचे गिअर बसवले. सगळा ताण एका वेळी एक-दोन दात्यांवर. त्यात निकेल आणि मॉलिब्डेनमची टंचाई, म्हणजे दात्याचं पोलादही धड नाही. युद्धानंतर फ्रेंचांनी पँथर वापरले, त्यांनी १९४७ मध्ये लिहून ठेवलंय की फायनल ड्राइव्हचं आयुष्य सरासरी १५० किलोमीटर. पुणे-मुंबई एक फेरी, तीही एकाच बाजूची!

पण यावरून "पँथर नको होता" हे कसं निघतं? पान्झर ४ चा सांगाडा २५ टनांवर संपला होता. त्यावर पँथरची ७० कॅलिबर लांबीची (म्हणजे नळीच्या व्यासाच्या ७० पट लांब) तोफ बसवून पाहिली ती बुरूज काढून टाकूनच, आणि तरी गाडीचा भार पुढे, नाकावर आला. पुढच्या चाकांचं रबर फाटायचं म्हणून तिथे पोलादी चाकं घालावी लागली. सैनिकांनी तिला 'गुडेरियनचं बदक' नाव ठेवलं. पान्झर ४ च्या बुरुजाचं समोरचं चिलखत शेवटपर्यंत ५० मिमीच राहिलं. १९४४ मध्ये रशियाच्या जड स्टालिन-२ रणगाड्याची १२२ मिमी तोफ समोर असताना ५० मिमीच्या मागे बसा म्हणता?

पैशाचंही बघा. पान्झर ४ ला सुमारे १ लाख ३ हजार मार्क, पँथरला १ लाख १७ हजार. सहा हजार पँथर बनले, त्या पैशात फार तर सहा हजार आठशेच्या आसपास पान्झर ४ आले असते. टायगरवरचा हिशेब तुमचा बरोबर आहे, पण तोच पँथरला लावू नका.

रणधुमाळी

मार्कांत हिशेब केला की तसंच दिसणार. माझं म्हणणं वेळेबद्दल आहे. चालू लाइन थांबवून नवी उभारायची, नवे जिग (भाग पकडून धरायचे साचे), नवे कामगार, नवे सुटे भाग. हे कुठल्या किमतीत धरलंय? १९४३ च्या सुरुवातीला तर जनरल स्टाफ पान्झर ४ बंद करून फक्त टायगर आणि पँथर बनवायच्या विचारात होता. गुडेरियनने तो हाणून पाडला म्हणून बरं. नाहीतर पूर्व आघाडीवर टायगरच्या मोजक्या गाड्या आणि कारखान्यात अडकलेले पँथर, एवढंच राहिलं असतं.

आणि सुटे भाग विसरू नका. त्या कारखान्यांचं लक्ष महिनाअखेरीस किती नवे रणगाडे निघाले याच्यावर. गिअरबॉक्स सुटा पाठवला तर आकड्यात दिसत नाही. पँथरचा गिअरबॉक्स बदलायचा तर चालक आणि वायरलेसवाल्याच्या डोक्यावरचं छत उघडून, आतलं सामान काढून तो वरून उचलावा लागे. अमेरिकन शर्मन रणगाड्याचं नाक बोल्ट काढले की आख्खं बाहेर यायचं. यात पराभवाचं बरंचसं उत्तर आहे.

पिंपळपान

नगरच्या रणगाडा संग्रहालयात ब्रिटिशांचा चर्चिल रणगाडा आहे, तो पाहिलात का? पहिले चर्चिल आले तेव्हा ते बनवणाऱ्या व्हॉक्सहॉल कंपनीने सोबत पत्रक जोडलं होतं, की अमुक अमुक दोष आहेत, आम्हाला माहीत आहेत, दुरुस्त करतोय. पुढे तोच चर्चिल ट्युनिशियाच्या डोंगरांत चढला. बाळरोग सगळ्यांनाच होते, ब्रिटिशांकडे ते बरे करायला वेळ होता इतकंच. जर्मनांनी बाळाला थेट कुर्स्कला पाठवलं.

पेट्रोलपंप

तुम्ही दोघंही चुकीच्या पंपावर उभे आहात. पान्झर ४ ची टाकी ४७० लिटरची, पँथरची ७३०. रस्त्यावर दोन्ही जवळपास २०० किलोमीटर जातात. म्हणजे दोन पान्झर ४ ला ९४० लिटर आणि दहा माणसं, एका पँथरला ७३० आणि पाच माणसं. धागाकर्त्याचे हजारो जादा पान्झर ४ चालवणार कोण आणि कशावर? रोमानियाचं तेल आणि कोळशापासून काढलेलं कृत्रिम पेट्रोल, दोन्हींवर बॉम्ब पडत होते. १२ मे १९४४ ला अमेरिकन विमानांनी लॉयनासकट कृत्रिम इंधनाचे कारखाने झोडपले, तिथून उतरती कळा. चालकांना शिकवायच्या गाड्या लाकडाच्या गॅसवर चालवायची वेळ आली होती. अर्धवट शिकलेला पोरगा गिअर बदलताना हॉबिंगवाल्यांच्या दात्यांचं काय करत असेल?

शिवाय जर्मन शस्त्रनिर्मितीत रणगाड्यांचा वाटा लहान होता. विमानं, पाणबुड्या आणि दारूगोळा खाऊन जे उरे त्यात हे. बाकीचं सैन्य घोड्यांवर. रशियात घुसताना सहा लाखांहून अधिक घोडे सोबत होते. पण घोड्यांच्या जर-तरचा धागा कोणी काढत नाही.

ओवी

वाचताना एक गोष्ट सतत खटकतेय. पान्झर ४ वाढवा म्हणता, तो बनायचा मुख्यत्वे ऑस्ट्रियात सांक्ट व्हालेंटिनच्या निबेलुंगेनवेर्कमध्ये. १९४४ मध्ये तिथे माउटहाउझेन छळछावणीची उपशाखा होती, कैद्यांकडून रणगाडे बनवून घेत. 'उत्पादन दुप्पट केलं असतं' या वाक्यात ही माणसं येतात. आणि जर्मनी आणखी वर्षभर टिकला असता तर छावण्याही वर्षभर चालल्या असत्या. हेही तुमच्या जर-तरचंच उत्तर आहे, ते गाळून हिशेब पुरा होत नाही.

रणधुमाळी

गाळत नाही. म्हणूनच मला यातलं 'हिटलरने ढवळाढवळ केली नसती तर' हे पालुपद आवडत नाही. ते युद्धानंतर सेनापतींनी स्वतःचे हात झटकायला पसरवलं. उदाहरण घ्या. १९४० मध्ये पान्झर ३ वर ५० मिमीची ६० कॅलिबर लांबीची तोफ बसवा असं हिटलरने सांगितलं होतं. शस्त्रास्त्र खात्याने परस्पर आखूड, ४२ कॅलिबरची बसवली. पुढच्या वर्षी कळल्यावर तो भडकला, आणि इथे तो बरोबर होता. रशियात उतरताना लांब तोफ हवीच होती. खरा जर-तर इथे आहे. १९४० मध्येच पान्झर ३ आणि ४ चा एकच सांगाडा आणि एकच सुट्या भागांचा साठा झाला असता तर? तसा मिश्र सांगाडा पुढे हुमेल आणि नासहोर्न या तोफगाड्यांसाठी वापरलाच की!

हॉबिंगवाला

१९४० मध्ये फ्रान्स सहा आठवड्यांत पडला. जिंकलेल्या माणसाला सांगाडा बदल म्हणून कोण सांगणार? तेही समोरच्याचे रणगाडे जाड चिलखताचे असताना जिंकला होता. फ्रान्समधल्या स्तोन गावात एका फ्रेंच बी-१ रणगाड्याने एकट्याने १३ जर्मन रणगाडे फोडले आणि १४० फटके खाऊन परत गेला. तरी जर्मन जिंकले, कारण प्रत्येक गाडीत वायरलेस होता आणि कमांडरला तोफ भरत बसावं लागत नव्हतं.

नवखा_वाचक

मग डाइमलर-बेंझचा पँथर का नाही घेतला? मागच्या दातेरी चाकांनी पट्टा ओढणारा, डिझेल इंजिनाचा, दिसायला टी-३४ चा भाऊ. हिटलरलाही आधी तोच आवडला होता, २०० ची ऑर्डरही निघाली होती म्हणतात. फायनल ड्राइव्ह मागे गेला असता, गिअरबॉक्ससाठी छतही काढावं लागलं नसतं.

हॉबिंगवाला

बुरुजामुळे अडलं. डाइमलरचा स्वतःचा बुरूज तयार नव्हता आणि ऱ्हाइनमेटाल कंपनीचा तयार बुरूज त्यांच्या सांगाड्याच्या कड्यात बसत नव्हता, कडं लहान पडत होतं. एमएएनच्या सांगाड्यावर तो सरळ बसला. डाइमलर घेतला असता तर कुर्स्कला एकही पँथर नसता.

रणधुमाळी

मग तर फारच उत्तम. कुर्स्क चुकलं असतं, ती दोनशे पथकं वर्षभर नीट शिकली असती, दोषही निघाले असते.

पेट्रोलपंप

आणि वर्षभरात समोर ८५ मिमी तोफेचा टी-३४ उभा असता. शिकायला पेट्रोल कुठून आणणार ते मात्र अजून सांगितलं नाहीत.