बांधावरच्या आंब्यात घुबडाची जोडी आहे, झाड तोडलं तर गुन्हा होतो का?

बांधावरचा (चोपडा तालुका)

राम राम मंडळी. आमचं वावर सातपुड्याच्या पायथ्याला आहे, जंगलाची हद्द तिथून हाकेच्या अंतरावर. बांधावर आजोबांच्या काळातला आंबा आहे, अर्धा वाळलाय, खोडात मोठी ढोली. मोठ्या भावाचं म्हणणं की झाड काढून टाकू कारण सावलीमुळे बांधाकडची केळी फुगत नाही, आणि वखारवाल्याने इसार पण देऊन ठेवलाय. पण ढोलीत लहान घुबडाची जोडी राहते, आपण पिंगळा म्हणतो तसलं. सकाळी उन्हात सरळ शेंड्यावर येऊन बसतं. पुतण्याने मोबाईलवर बघून सांगितलं की हा तो रानपिंगळा असेल, दुर्मिळवाला. झालं, गावभर झालं. मग बाहेरगावचा एक जण येऊन विचारून गेला की पिल्लू काढून देता का, चांगले पैसे देतो. आणि चुलते म्हणताहेत गुपचूप झाड पाडा, फॉरेस्टला कळलं तर वावर अभयारण्यात जाईल आणि जन्मभर चकरा माराल.

मला ते पाखरू मरू द्यायचं नाहीये, पण वावरही जायला नको. झाड तोडलं तर काय होतं, आणि कळवलं तर खरंच जमीन घेतात का? अजून एक, आमच्याकडच्या बाया पावसाळ्यात जंगलातून सफेद मुसळी, कळलावी आणतात, व्यापारी दारावर येऊन घेऊन जातो, त्यालापण काही कायदा आहे का? जाणकारांनी सांगा.

पाखरू_यावल

भाऊ आधी ओळख पटवून घे. दिवसा दिसलं म्हणून रानपिंगळा असं नाही, साधा पिंगळा पण दिवसा ढोलीच्या तोंडाशी बसतोच. डोकं बघ. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके भरपूर असतात, रानपिंगळ्याचं डोकं मोठं आणि जवळपास बिनठिपक्याचं. छाती गडद तपकिरी, खाली पोट पांढरंशुभ्र, शेपटीवर रुंद पट्टे, आणि पाय दणकट, बोटांपर्यंत पांढरी पिसं. आवाजात तर गफलत होणारच नाही, साध्या पिंगळ्याची चिरक भांडाभांडी सगळ्या गावाला पाठ असते, रानपिंगळ्याचा आवाज गोड, शीळ घातल्यासारखा. फोटो लांबून काढ, ढोलीत टॉर्च मारू नको, आणि मोबाईलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर बोलवायचा प्रकार तर अजिबात नको, विणीत असलेली जोडी त्याने हैराण होते. फोटो टाकलास तर गावाचं नाव आणि लोकेशन काढून टाक, तो पैसे देणारा असल्याच पोस्ट शोधत असतो.

आणि हा पक्षी आपल्यासाठी काय आहे ते खान्देशातल्या माणसाला माहीत पाहिजे. १८७३ मध्ये ह्यूम नावाच्या इंग्रजाने त्याचं वर्णन केलं, नंतर डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याने आपल्या खान्देशातून काही नमुने गोळा केले, शेवटचा १८८४ चा. त्यानंतर पक्षी गायब, लोक नामशेष धरून चालले. मधे मेनर्ट्झहागन नावाच्या माणसाने १९१४ मध्ये गुजरातेत मिळाल्याचा नमुना दाखवला होता, त्यामुळे शोधणारे भलतीकडे शोधत बसले. तो नमुना म्हणजे ब्रिटिश म्युझियममधून चोरलेला डेव्हिडसनचाच जुना पक्षी, लेबल बदललेला! ही लबाडी पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीतज्ज्ञ बाईंनी उघड केली, मग त्या आणि त्यांचे साथीदार जुन्या खऱ्या नोंदींच्या मागावर निघाले आणि नोव्हेंबर १९९७ ला शहाद्याजवळ हा पक्षी जिवंत सापडला. ११३ वर्षांनी, आपल्या नंदुरबार जिल्ह्यात. पुढे तोरणमाळ, यावल, मेळघाट, खंडव्याकडे आणि नंतर ठाण्यातल्या तानसा अभयारण्यात पण मिळाला, तरी जगात तो फक्त मध्य आणि पश्चिम भारतातल्या थोड्या जंगलांतच आहे. आययुसीएन म्हणजे निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या यादीत आधी 'अतिसंकटग्रस्त' होता, २०१८ पासून 'संकटग्रस्त' आहे. त्याला जुनी, पोकळ झालेली झाडं लागतात आणि आपण नेमकी तीच आधी तोडतो.

काळाकोट_जळगाव

वकिली करतो, वन्यजीवांच्या केसेस थोड्याफार बघितल्यात, म्हणून सरळ सांगतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २०२२ ला त्यात मोठी दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आधी सहा अनुसूची (याद्या) होत्या आता चारच. पहिलीत सगळ्यात कडक संरक्षणाचे प्राणी, दुसरीत बाकीचे संरक्षित, तिसरीत वनस्पती, चौथीत आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या कराराखालच्या जाती. रानपिंगळा पहिल्या अनुसूचीत आहे. साधा पिंगळा निघाला तरी तोही संरक्षितच, त्यामुळे तुझ्या झाडाच्या प्रश्नात फारसा फरक पडत नाही, शिक्षेत पडतो.

लोकांना वाटतं शिकार म्हणजे बंदूक. कायद्यात तसं नाही. कलम २(१६) वाच, पकडणं, फास लावणं तर आहेच पण पक्ष्याची अंडी फोडणं, घरट्याला किंवा अंड्यांना त्रास देणं हे पण शिकारीच्या व्याख्येत धरलंय. म्हणजे आत घरटं आहे हे माहीत असून झाड आडवं केलंत तर 'आम्ही झाड तोडलं, पक्ष्याला हात नाही लावला' हे म्हणणं कोर्टात टिकणं अवघड. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार दंड. इतर गुन्ह्यांना ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. जो माणूस पैसे देतो म्हणाला त्यालाही कलम ५२ आहे, गुन्ह्याचा प्रयत्न करणारा आणि चिथावणी देणारा दोघं त्यात येतात. त्याचा नंबर, गाडीचा नंबर मिळाला तर वनविभागाला दे, हेल्पलाईन १९२६. दिवाळीच्या आसपास तांत्रिक लोक घुबडांसाठी फिरतात हे आपल्याकडे उघड गुपित आहे, आणि तो माणूस तुमच्या गावात आधीच येऊन गेलाय, म्हणून ही गोष्ट आधी कर, झाडाचं नंतर बघू.

दुसरं, आंबा. घुबड नसतं तरी परवानगी लागलीच असती. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा, चिंच, मोह, जांभूळ, साग, अंजन, खैर ही झाडं आहेत, स्वतःच्या वावरात असली तरी विनापरवानगी तोडता येत नाहीत. वखारवाल्याला हे चांगलं माहीत असतं तरी इसार देऊन मोकळा होतो, कागद मात्र तुमच्या नावाचा.

आता जमिनीची भीती. एक घरटं सापडलं म्हणून कोणाचं वावर जात नाही, कायद्यात तशी तरतूदच नाही. अभयारण्य करायचं असेल तर सरकार कलम १८ खाली अधिसूचना काढतं, मग कलेक्टर लोकांचे हक्क, दावे ऐकतो, तुमची बाजू मांडायला वेळ असतो. चुलत्यांना सांग. ही अफवा घरोघरी आहे आणि तिच्यामुळे लोक आधी पाडतात मग बोलतात, एवढं नुकसान शिकाऱ्यांनी पण केलं नसेल.

रोहीने_हैराण

सगळं ठीक आहे पण शेतकऱ्यानेच किती सोसायचं ते पण कोणी सांगा. रोही (नीलगाय) येऊन तूर खातात, डुकरं मका उलथून जातात, तेही संरक्षित. तक्रार केली की पंचनामा कधी होईल याचा पत्ता नाही. आता घुबडासाठी केळी सोडायची?

पाखरू_यावल

दादा तुमचा राग खरा आहे, पंचनाम्याला उशीर होतो हे मीही बघितलंय, पण नुकसान झालं की लेखी अर्ज लगेच टाका, फोटो आणि सातबारा जोडा, तोंडी सांगून काही मिळत नाही. पण घुबड आणि डुक्कर एका तराजूत टाकू नका. पिंगळा असो की रानपिंगळा, रात्रंदिवस उंदीर, सरडे, टोळ खातो. केळीच्या बागेत उंदरांनी काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

पावरापाडा_धडगाव

मुसळीचं मी सांगतो, आमच्या घरात पिढ्यांपासून हे चालत आलंय.

वन्यजीव कायद्याची वनस्पतींची यादी छोटी आहे. आधी तर सहाच नावं होती, घटपर्णी, निळा वांडा ऑर्किड, कूठ असली, बहुतेक हिमालय नाहीतर ईशान्येकडची. आता वाढलीत, नीलकुरिंजी पण आली, पण आपल्या सातपुड्यातली मुसळी किंवा कळलावी त्या यादीने वाचणार नाही. मग बाया जे आणतात ते गुन्हा आहे का, तर कुठून आणतात त्यावर आहे. अभयारण्यातून परवान्याशिवाय काही काढणं कलम २९ ला अडकतं. बाहेरच्या जंगलात मात्र २००६ च्या वनहक्क कायद्याने परंपरेने गोळा होणाऱ्या गौण वनोपजावर (कंद, मुळं असल्या जंगलमालावर) आदिवासींचा आणि पारंपरिक वननिवासींचा हक्क मान्य केलाय. त्यामुळे कोणी बायांना चोर म्हटलं तर ग्रामसभेचा सामूहिक हक्काचा कागद दाखवायचा, नसेल तर आधी दावा करायचा.

पण हक्क आहे म्हणून मूळ संपवायचं नसतं, हे आमच्या आजीचंच म्हणणं. पूर्वी मुसळी काढताना शेंड्याचा डोळा मुळाच्या तुकड्यासकट परत मातीत दाबायचे, बी पडेपर्यंत थांबायचे. आता व्यापारी ऑगस्टातच गाडी घेऊन येतो, कच्ची पण घेतो, मग कोण थांबेल? कळलावीचं पण तेच, तिच्यातून कोल्चिसिन निघतं जे गाठीवातावर औषध आहे, म्हणून बियांना आणि कंदाला मागणी. कंद जबर विषारी आहे, पोरांच्या हाताला लागू देऊ नका. ज्या टेकड्या पावसाळ्यात कळलावीच्या लाल-पिवळ्या फुलांनी भरलेल्या असायच्या तिथे आता शोधावं लागतं.

२००२ च्या जैवविविधता कायद्यात गावपातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे, तिने गावातल्या जैवविविधतेची लोक नोंदवही करायची असते. बऱ्याच गावांत ती कागदावरच आहे. ग्रामसभेत विषय काढा, कोणती वनस्पती कुठे होती, आता किती राहिली, व्यापारी काय भाव देतो हे बायांनाच विचारून लिहा. बियाणं आणून बांधावर मुसळी लावणारे पण लोक आहेत, जंगलावरचा भार त्याने कमी होतो. हाई गोट मनावर घ्या भो, बाहेरून कोणी येऊन करणार नाही.

बांधावरचा (चोपडा तालुका)

सगळ्यांचे मनापासून आभार. डोक्यावर ठिपके नीट दिसत नाहीयेत, उद्या लांबून फोटो काढतो, लोकेशन काढून टाकतो. त्या माणसाचं १९२६ ला आजच सांगितलं. भाऊ जमिनीचं ऐकून थोडा थंड झालाय पण म्हणतो इसाराचं काय आणि किती दिवस थांबायचं?

काळाकोट_जळगाव

इसार परत कर आणि परत केल्याची सही घे. ज्या झाडाला परवानगीच नाही त्याचा सौदा धरून वखारवाला तुझ्यावर जोर करू शकत नाही. थांबायचं म्हणशील तर रानपिंगळ्याचा विणीचा काळ ढोबळ मानाने ऑक्टोबर ते मे, त्यामुळे पावसाळ्यापर्यंत झाडाला हातच लावू नका. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या नावे दोन ओळींचा अर्ज दे, गट नंबर, झाड कोणतं, घरटं कधी दिसलं एवढंच, आणि पोच घे, तोंडी सांगून येऊ नको. भावाला सावलीचीच अडचण असेल तर पक्षी उडून गेल्यावर परवानगी घेऊन केळीकडच्या फांद्या छाटता येतील का ते त्याच अर्जात विचार. खोड आणि ढोली राहिली तर जोडी पुढच्या वर्षी परत येऊ शकते, आणि केळीला ऊन पण मिळेल.