७:०८, ७:१२ की ७:१४?

रामबागची सून:
रथसप्तमीला, २५ जानेवारीला, आमच्या इंदूरच्या गच्चीवर गोवऱ्या पेटलेल्या, त्यावर दुधाचं बोळकं, सासूबाई अर्घ्याचा तांब्या घेऊन उभ्या. मोबाइल म्हणतो सूर्योदय ७:०८. इंदूरच्या वेळा देणारं पंचांग म्हणतं ७:१२. आणि नणंदेनं दादरहून आणलेलं कॅलेंडर, ज्याच्यापुढे घरात कुणाचं चालत नाही, ते म्हणतं ७:१४. सासूबाई कॅलेंडरच्या बाजूनं, सासरे पंचांगाच्या. मी कुडकुडत. खरं कोणाचं?

पोहेवाला:
ताई, दादरचं कॅलेंडर आधी उतरवा. मुंबई आपल्या पश्चिमेला तीन अंश, अंशाला चार मिनिटं. तिथे बारा मिनिटं उशिरा उजाडतं.

रामबागची सून:
बारा? मोबाइलशी फरक तर सहाचाच आहे.

निवृत्त गणित मास्तर:
सूनबाई, बरोबर पकडलंत. बारा मिनिटं नुसत्या रेखांशाची. इंदूर मुंबईच्या उत्तरेलाही आहे, आणि हिवाळ्यात उत्तरेकडे सूर्य उशिरा उगवतो. त्यात सहा गेली. जूनमध्ये हीच वजाबाकी बेरीज होते, फरक एकोणिसावर जातो. माझी बहीण सोलापूरची. सोलापूर आणि इंदूर जवळजवळ एकाच रेखांशावर, तरी डिसेंबरात तिच्याकडे दहा मिनिटं आधी ऊन येतं आणि जूनमध्ये माझ्याकडे. फोनवर आमचा हा वाद ठरलेला.

आता ७:०८ आणि ७:१२. दोन्ही इंदूरचेच, दोन्ही बरोबर. मोबाइल सूर्याची वरची कड दिसली की उदय धरतो, पंचांग बिंबाचा मध्य क्षितिजावर आला की. कड ते मध्य १६ कला; कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. शिवाय हवा किरण वाकवते, म्हणून क्षितिजाखाली ३४ कला असलेला सूर्यही आपल्याला दिसतो. तुमच्या पंचांगानं हे वक्रीभवन धरलेलं दिसत नाही. एकूण ५० कला. विषुववृत्तावर, मार्चच्या विषुवदिनी सूर्य सरळ वर चढतो, तेव्हा एवढ्याला ३ मिनिटं २० सेकंद लागतात. आपल्याकडे तो तिरका चढतो, जानेवारीत चार मिनिटं घेतो. संध्याकाळी उलट, पंचांगातला सूर्यास्त आधी.

आणि ३४ कला ही सरासरी. हवेच्या तापमानाबरोबर ती हलते. सेकंदांसकट सूर्योदय सांगणाऱ्यांचं मला म्हणूनच हसू येतं.

रामबागची सून:
सासऱ्यांना वाचून दाखवलं. "दोन्ही बरोबर" यातलं "दोन्ही" त्यांना ऐकू आलं नाही. सासूबाई विचारताहेत, समोरच्या तीनमजली बिल्डिंगमागून साडेसातला वर येतो, त्याच्या कला किती?