उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांचे टीव्ही पाहणे कसे आवरावे?

प्रश्न : नागपूरच्या मानेवाड्यातील एक आई

माझा मुलगा सहा वर्षांचा आणि मुलगी तीन वर्षांची आहे. सध्या पारा ४५ अंशांच्या आसपास असल्यामुळे सकाळी नऊनंतर मुलांना बाहेर पाठवता येत नाही, आणि विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडणार असल्याने या लांबलचक दुपारी संपता संपत नाहीत. कूलरसमोर बसून सुरू झालेला टीव्ही संध्याकाळपर्यंत चालतो. काल वरणभात भरवताना मुलगी पडद्यावरची नजर न हलवता नुसते तोंड उघडत होती, जेवणानंतर "काय खाल्लेस?" असे विचारले, तर तिला सांगता आले नाही. मला खरोखर भीती वाटली. टीव्ही बंद केला की मुलगा अक्षरशः जमिनीवर लोळण घेतो. त्यात संध्याकाळी सासूबाईंच्या मालिका असतात. त्यांना काय आणि कसे सांगावे?

उत्तर : निवृत्त शिक्षिका, महाल

ताई, मूल रडते ते बहुतेक वेळा गोष्ट अर्ध्यावर तुटल्यामुळे. "अर्ध्या तासाने बंद" हे सहा वर्षांच्या मुलाला उमगत नाही, कारण त्याला वेळेचा अंदाज अजून आलेला नसतो. "हा भाग संपला की बंद" हे मात्र नीट कळते. म्हणून किती भाग पाहायचे ते टीव्ही लावण्यापूर्वीच ठरवा, आणि ॲपवर पाहत असाल तर पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करा, नाहीतर "संपले" असा क्षण येतच नाही. बंद करण्याचे बटण मुलालाच दाबू द्या. आमच्याकडे त्यानंतर टीव्हीवर जुन्या सुती साडीचा तुकडा टाकण्याचे काम नातवाचे होते. तो चारही कोपरे ओढून सारखे करी आणि मगच खेळायला वळे.

उत्तर : परिचारिका, बालरोग विभाग

दोन्ही मुलांना एकच नियम लावू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांचा पडद्यासमोर बसून जाणारा वेळ दिवसाला एका तासाहून अधिक नसावा, आणि कमी असेल तितके बरे. तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात १० ते १३ तास झोप लागते, म्हणून झोपण्यापूर्वीचा तासभर टीव्ही नकोच. जेवताना तर मुळीच नको. लक्ष पडद्यावर असले की पोट भरल्याची जाणीव उशिरा होते. जमेल तेव्हा सोबत बसून पाहा आणि मध्येच "आता हा काय करेल?" असे विचारा. जाहिरात आपल्याला काही विकू पाहते, हे लहान मुलांना आपणहून कळत नाही, तेही त्याच वेळी सांगता येते.

उत्तर : एक आजी, धरमपेठ

सूनबाईंनी मला थेट सांगितले असते तर मला राग आला नसता, म्हणून तुम्हीही सासूबाईंशी मोकळेपणाने बोला. नातवंडे जागी असताना मी मालिका पाहणे सोडले. हुकलेला भाग दुसऱ्या दिवशी दुपारी पाहते. सकाळी सहा ते आठ मुलांना अंबाझरीकडे किंवा महाराजबागेत न्या, उन्हाळ्यात त्यांची खेळण्याची वेळ तीच. मुलाला ग्रहताऱ्यांचे कार्यक्रम आवडत असतील, तर रमण विज्ञान केंद्रातील तारांगण अवश्य दाखवा.

प्रश्नकर्तीचे उत्तर, दहा दिवसांनी

सर्वांचे मनापासून आभार. जेवण आता स्वयंपाकघरात, खाली बसून होते. पहिले तीन दिवस फार कठीण गेले. चौथ्या दिवशी मुलाने दुसरा भाग संपताच रिमोट आणून माझ्या हातात दिला. सासूबाईंनी मात्र रात्रीची एक मालिका ठेवली आहे, आणि तोवर मुले झोपलेली असतात. काल मुलीने स्वतःहून सांगितले की वरणात आज लिंबू जास्त झाले होते.