शब्दचर्चा: 'अंतर' म्हणावं की 'तऱ्हा'?

विचारणा, खानापूर
सप्तकाच्या गणितावर मराठीत लिहितोय. 'इंटरव्हल'ला 'अंतर' लिहिलं आणि अडकलो. कर्नाटकी संगीत शिकवणाऱ्या ओळखीच्या बाईंना म्हटलं, "गांधाराचं अंतर सांगा की." त्यांनी पेटीवर सरळ आपला शुद्ध ग दाबला! त्यांच्याकडं 'अंतर गांधार' म्हणजे तोच. शिवाय सा ते ग हे अंतर दोन स्वरांचं की ४ पट्ट्यांचं? दोन्हीला एकच शब्द कसा चालेल? आणि तेवढ्याच स्वरांवर निरनिराळी अंतरं पडतात, त्या 'व्हरायटी'ला 'वैविध्य' म्हणू का?

उत्तर, बेळगाव
स्वर मोजता तेव्हा 'पायऱ्या' म्हणा, पट्ट्या मोजता तेव्हा 'अंतर'. सा ते ग २ पायऱ्या. अंतर बिलावल थाटात (ग शुद्ध) ४, काफीत (ग कोमल) ३. ('टप्पा' नको, तो गाण्याचा प्रकार, लोक गायला बसतील.) तेवढ्याच पायऱ्यांना किती निरनिराळी अंतरं पडतात, त्याला 'वैविध्य' फार जड. 'तऱ्हा' लिहा. बिलावलात कुठूनही निघा, २ पायऱ्यांचं अंतर ३ नाहीतर ४: दोनच तऱ्हा. तोडीत त्याच २ पायऱ्यांना २, ३, ४, ५ अशा चार.

उत्तर, निपाणी
भैरव मांडून बघा की अण्णा, सा पासून वरच्या सा पर्यंत लागोपाठच्या स्वरांमधली अंतरं: १ ३ १ २ १ ३ १. उलटा वाचला तरी तोच! २ पायऱ्यांना २, ३, ४. ३ पायऱ्यांना ४, ५, ६. कुठंही तीनच तऱ्हा.

खरी गंमत पुढं आहे. इथं १ चारदा, ३ दोनदा, २ एकदा. हे चक्र धरून सारख्या लांबीचे कुठलेही दोन तुकडे काढा, एकाही आकड्याच्या मोजणीत एकापेक्षा जास्त फरक पडत नाही. तीन चिन्हं, तिघांची संख्या वेगवेगळी, आणि असा समतोल: चिन्हांची नावं बदला, पण घडण ही एकच, हे सिद्ध झालंय. चार चिन्हांना ८-४-२-१, पाचांना १६ पासून, असंच दुपटीनं चालतं असं गणिती फ्रेंकेल यांचं म्हणणं. सात चिन्हांपर्यंत सिद्ध आहे, सगळ्यांसाठी नाही. म्हणून 'सिद्धान्त' लिहू नका, 'अटकळ' लिहा. जुना आणि नेमका शब्द आहे.

विचारणारा, पुन्हा
'पायरी', 'तऱ्हा', 'अटकळ' घेतले. ८-४-२-१ म्हणजे १५ पायऱ्या, त्या मात्र पेटीवर दाखवता येणार नाहीत. सप्तकात पट्ट्याच १२. भैरवाचे आकडे बाईंना वाचून दाखवले. त्यांनी मनात जुळवले नि म्हणाल्या, "हा आमचा मायामाळवगौळ राग की! पोरांना पहिला हाच शिकवतो."