पाळणाघरातल्या मावशींसाठी ०-३ वयोगटाचं प्रशिक्षण कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी,

नाशिकला सहा वर्षांपासून घरीच पाळणाघर चालवते. सध्या चौदा मुलं आहेत, सगळ्यात धाकटं सात महिन्यांचं. माझ्या जोडीला तीन मावशी.

गेल्या महिन्यात दहा महिन्यांच्या बाळाने शेजारच्या ताटलीतली सफरचंदाची फोड तोंडात घातली आणि ती घशात अडकली. एका मावशींनी घाबरून बोट घातलं, फोड आणखी आत गेली. रडण्याचा आवाजच बंद, ओठ निळे. मी त्याला हातावर पालथं घेऊन पाठीवर जोरात थापा मारल्या, तेव्हा फोड बाहेर आली. डॉक्टरांनी नंतर समजावलं: तुकडा दिसत नसेल तर बोट घालायचंच नाही. वर्षाच्या आतलं बाळ डोकं खाली करून पालथं धरायचं, खांद्यांच्या मधोमध ५ थापा, नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मध्यावर ५ वेळा दाबायचं, पुन्हा थापा. तोवर दुसऱ्या कुणीतरी १०८ ला फोन लावायचा.

मावशी त्या दिवशी जेवल्या नाहीत. "ताई, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं," म्हणाल्या. खरंय. मीही सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून शोधतेय. चौकशी केली ते सगळे बालवाडीचे कोर्स, म्हणजे तीन वर्षांपुढचे: गाणी, अंकओळख, हस्तकला. एक कार्यशाळा सापडली, पण ती इंग्रजीत. मावशी दोन तास नुसत्या बसून होत्या.

त्यांना काही येत नाही असं मुळीच नाही. थोरल्या मावशी नुसत्या रडण्यावरून भूक की झोप ते सांगतात. पण लंगोट बदलताना गप्प असायच्या, "त्याला काय कळतंय" म्हणून. मी म्हटलं, बोलत जा. रोज "चला, पाय वर" म्हणू लागल्या. पंधरा दिवसांनी ते शब्द ऐकले की बाळ आपणहून पाय उचलायला लागलं! हे त्यांनी प्रत्येक आईला सांगितलं. असं शिकायला मिळालं तर त्यांना हवंच आहे.

नाशिक-पुण्याकडे मराठीतून, बाहुलीवर हाताने करून घेणारं प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कुणी देतं का? केंद्र सरकारने २०२४ मध्ये जन्म ते तीन वर्षांसाठी 'नवचेतना' आराखडा आणला, त्यात महिन्यागणिक करायचे खेळ आहेत. तो अंगणवाडीबाहेर कुणी वापरलाय का, मराठी प्रत कुठे मिळाली?

वेळेचाही प्रश्न आहे. सातला मुलं जातात, मग मावशींना घरचा स्वयंपाक असतो. शनिवारी अर्धा दिवस बंद ठेवायचा विचार आहे, त्या दिवसाचा पगार अर्थातच पूर्ण देणार. तुम्ही पालकांना हे कसं पटवलंत? आणि प्रशिक्षणानंतर पगार किती वाढवलात, तेही मोकळेपणाने सांगा.

धाकट्या मावशींनी विचारलंय, शेवटी नावाचा कागद मिळतो का. सातवीनंतर त्यांना तसा एकही मिळालेला नाही. तेव्हा प्रमाणपत्र देणारं काही माहीत असेल तर आधी तेच कळवा.