तरुण मुलं मंडळीत टिकतात ती कुणामुळे?

मांडवीकाठ
आम्ही मूळचे नगरचे मराठी ख्रिस्ती. बाबांच्या नोकरीमुळे गोव्यात पर्वरीला आलो आणि इथलेच झालो. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, मराठी उपासनेला मोजकीच घरं येतात. तिथल्या तरुण संघाचं काम मी ६ वर्षं बघतेय. माझं मत असं की गिटार, पडदा, शिबिरं यांनी मुलं येतात, पण टिकतात ती एखाद्या मोठ्या माणसावर विश्वास बसला तरच.

हे मी भोगलंय. १७ वर्षांची असताना मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांना मी सांगितलं होतं, की आपली प्रार्थना कुणी ऐकतंय असं मला वाटेनासं झालंय. पुढच्या रविवारी तो प्रार्थनेचा विषय होऊन सगळ्यांसमोर आला. नाव घेतलं नाही, पण वीस-पंचवीस माणसांत नाव घ्यावं लागतं का? दोन वर्षं मी तिकडे फिरकले नाही.

परत आणलं ते शेजारच्या आजींनी. उपदेश कधी केला नाही. दर गुरुवारी फोन यायचा, "सोलकढी केलीय, येतेस का गं?" बऱ्याच महिन्यांनी मीच विचारलं, आजी, तुम्हाला कधी शंका आली नाही? त्या म्हणाल्या, "हे गेले तेव्हा वर्षभर मला एक गीत म्हणवलं नाही." एवढं खरं माझ्याशी तोवर कुणी बोललंच नव्हतं.

बोरीपूल
ताई, अनुभव खरा आहे, निष्कर्ष मात्र पटत नाही. माणसावर टेकलेली श्रद्धा माणूस गेला की कोसळते, आणि गोव्यात माणसं जातातच. बाप बोटीवर, आई कुवेतला, पाद्रींची बदली. १९ डिसेंबर १९६१पूर्वी, म्हणजे पोर्तुगीज राज्यात, इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं, त्यामुळे माझ्या सासष्टीतल्या वर्गमित्रांची घरंच्या घरं विलायतेत गेली. तिथे त्या मुलांना कुठली आजी फोन करणार? तिथे उपयोगी पडते ती लहानपणी पक्की झालेली शिकवण. थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्रींनी ख्रिस्तपुराण मराठी ओवीत रचलं, ते १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. जवळजवळ ११ हजार ओव्या! रचणारा गेला, ओवी राहिली.

रायबंदर
स्टीफन्सचं उदाहरण तर तुमच्याच विरुद्ध जातं. ते गोव्यात आले १५७९ला. म्हणजे ग्रंथ छापेपर्यंत ३७ वर्षं इथल्या माणसांत काढली, त्यांची बोली आणि त्यांच्या पुराणांची लय कानात मुरवली. ओवी कोऱ्या कागदावर उगवत नाही.

कुंकळ्ळकार
मी हिंदू आहे, तरी लिहितो, कारण माझे निम्मे मित्र ख्रिस्ती आहेत. आमच्या कुंकळ्ळी गावात १५८३ साली, देवळं पाडल्याच्या रागातून, पाच जेझुइट मिशनरी मारले गेले. मग गावकऱ्यांच्या मुखत्यारांना बोलणीसाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि तिथेच ठार केलं. इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाची चौकशी करून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, १५६० ते १८१२. हे सगळं पोरं आता फोनवर वाचतात आणि घरातल्या मोठ्यांना विचारतात. "जुनं उकरू नकोस" असं उत्तर मिळालं, की पुढच्या कुठल्याच उत्तरावर त्यांचा भरवसा राहत नाही. माझ्या एका मित्राला त्याच्या पाद्रींनी सरळ सांगितलं, "हे घडलं आणि ते पाप होतं." तो अजून मिसला जातो.

एकवीस
मी ज्या वयाबद्दल तुम्ही बोलताय त्या वयाचा. मला सगळ्यात जास्त त्रास होतो तो हेतू ठेवून केलेल्या मैत्रीचा. चहाला बोलावणाऱ्याला मी हवाय की रविवारच्या बाकावरचं एक डोकं हवंय, हे पहिला कप संपायच्या आत कळतं. मी येणं बंद केलं तेव्हा तरुण संघातल्या चौघांचे फोन त्याच महिन्यात थांबले. ताई, रागावू नका, पण "मुलं टिकावीत म्हणून विश्वास" हे ऐकलं तरी मला धास्ती वाटते. त्या आजींनी, तुम्ही परतला नसतात, तरी फोन केला असता?

मांडवीकाठ
रागावले नाही. शीर्षक लिहिताना माझ्याही मनात संख्याच होती, हे तुझं वाचून कळलं. ज्या चार मुलांना मी गेल्या वर्षी फोन करणं सोडलं, त्यांची नावं समोर आहेत.

आजींचं विचारलंस म्हणून सांगते. माझा धाकटा भाऊ माझ्याबरोबरच बाहेर पडला होता. त्याला आता ९ वर्षं झाली, एकदाही उपासनेला आला नाही, येईल असंही दिसत नाही. आजी ८६ वर्षांच्या आहेत, नंबर नातीकडून लावून घेतात. गुरुवारचा फोन त्याला अजून जातो.