तपासणी दृष्टी शाबूत असतानाच व्हावी

मोतिबिंदूच्या शस्त्रक्रिया वेळेवर झाल्या की टाळता येण्याजोग्या अंधत्वाचा प्रश्न बहुतांशी सुटेल, असे अनेकदा म्हटले जाते. मोतिबिंदूपुरते ते खरे आहे, कारण तिथे गेलेली दृष्टी सहसा परत मिळवता येते. मधुमेहामुळे दृष्टिपटलाला (डोळ्याच्या मागच्या पडद्याला) होणाऱ्या इजेचे मात्र तसे नाही. तिथे अक्षरे स्पष्ट वाचता येत असतानाच बारीक रक्तवाहिन्या गळू लागलेल्या असू शकतात, आणि रुग्णाला अंधुक दिसू लागेपर्यंत उपचारांचा सर्वांत उपयोगी काळ बरेचदा निघून गेलेला असतो. चष्म्याचा नंबर तपासून हे कळत नाही, त्यासाठी दृष्टिपटलच पाहावे लागते.

या विषयात फारशी चर्चेत न येणारी एक गोष्ट सांगतो. इंग्लंडमध्ये 2003 पासून 12 वर्षे व त्यावरील मधुमेही व्यक्तींच्या दृष्टिपटलाची छायाचित्रे काढून नियमित तपासणी करण्याची राष्ट्रीय योजना उभी राहिली. पुढे 2009-10 च्या नोंदींत असे आढळले की इंग्लंड आणि वेल्समध्ये कामकाजाच्या वयातील अंधत्वाच्या कारणांत हा विकार निदान पाच दशकांत प्रथमच पहिल्या क्रमांकावर राहिला नव्हता. साखरेवरील सुधारलेल्या नियंत्रणाचाही त्यात वाटा असावा, हे मान्य. पण छायाचित्र प्रशिक्षित तंत्रज्ञ काढू शकतो आणि ते दूरवरचा तज्ज्ञ वाचू शकतो, ही सोय मला सर्वांत मोलाची वाटते. नेत्रतज्ज्ञ जिथे पोहोचत नाहीत, तिथे मधुमेहाची औषधे देणाऱ्या दवाखान्यातच हा कॅमेरा ठेवायला हवा.